गाडी कुणी बिघडवली?

दिवाळीला मामानं आम्हा दोघा भावांना मिळून रिमोटवर चालणारी एक गाडी आणली. लालभडक! चार दिवस ती अंगणात नुसती सुसाट पळत होती. पाचव्या दिवशी तिला जणू उचकी लागली. बटण दाबलं की वीतभर पुढं जायची, थांबायची, की पुन्हा वीतभर!

मी लगेच धाकट्यावर डोळे वटारले. "तूच पाडली असणार!"

"दादा, शप्पथ! मी हातसुद्धा नाही लावला," तो रडवेला होऊन म्हणाला. पण मी कसला ऐकतोय! त्या संध्याकाळी त्याला खेळायलाही घेतलं नाही.

शेजारचे काका रेडिओ दुरुस्त करायचे. मी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, ते झटकन स्क्रूड्रायव्हर घेतील. पण त्यांनी मला कागद-पेन्सिल दिली.

"गाडी काय करते आणि काय करत नाही, ते आधी लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन बदलल्या, तर नेमकी कशानं सुधारली ते कळणार नाही."

पहिला संशय सेलवर. दीड व्होल्टचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट. थकलेले सेल गाडी उभी असताना ठणठणीत दिसतात आणि मोटर फिरली की मान टाकतात. म्हणून काकांनी चाकं अधांतरी धरून मोटर चालू असताना मीटर लावला. सेल ठीक होते. रिमोटचा सेल बदलून पाहिला. उचकी कायम!

मग मी लिहिलं : 'गाडी उभी असताना चाकं डावी-उजवी नीट वळतात.' काका खूश झाले. "म्हणजे रिमोट बोलतोय आणि गाडीला ऐकूही येतंय! रिमोट बिघडलेला नाही. आता सांग, ती बहिरी कधी होते?"

"मोटर फिरायला लागली की!"

"तुमच्या घरी मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो ना? तसंच हे."

मोटरच्या आत ब्रश असतात. ते फिरत्या भागाला घासतात तेव्हा बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांतून रेडिओलहरींचा गोंगाट होतो. आमचा रिमोट २७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७० लाख आंदोलनांच्या लहरींवर, चालायचा. गोंगाटात त्याचा आवाज बुडायचा. गाडी थांबायची. थांबली की गोंगाट बंद, पुन्हा ऐकू यायचं, पुन्हा पळायची. हीच ती उचकी!

हा गोंगाट दाबायला मोटरच्या दोन टोकांना एक चपटा, टिकलीएवढा कपॅसिटर जोडलेला असतो. आमच्या कपॅसिटरवर १०४ छापलं होतं. म्हणजे १० पुढे ४ शून्यं : १,००,००० पिकोफॅरड. त्याचा एक पाय सुटून लोंबत होता.

"गाडी पडली म्हणून सुटला का?" मी विचारलं.

"बाकी कुठं ओरखडासुद्धा नाही. कुणीतरी ओढलाय."

माझे कान गरम झाले. चौथ्या दिवशी रात्री, सगळे झोपल्यावर, आत काय आहे ते बघायला गाडी मीच उघडली होती. मोटर निघेना, म्हणून वायर धरून ओढलीही होती!

काकांनी सोल्डरिंग करून पाय पुन्हा जोडला. गाडी सुसाट पळाली. ते काम दोन मिनिटांचं होतं. धाकट्यासमोर जाऊन "चूक माझी होती" म्हणायला मात्र मला रात्र झाली. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मग उद्या पहिली चक्कर माझी!"

दोस्तांनो, आता पुष्कळशा रिमोटच्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण शोधायची रीत तीच. गाडी जवळ चालते आणि लांब गेली की थांबते? सेल आणि अँटेनाची तार बघा. अजिबातच हलत नाही? सेलच्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर साचलाय का, ते बघा. बरेच दिवस खेळणार नसाल, तर सेल काढूनच ठेवा. उघडण्याआधीही सेल काढा आणि सोल्डरिंग मोठ्या माणसांबरोबरच करा.

आणि कागदावर सगळ्यात वर एक प्रश्न लिहा : 'गाडी शेवटची कुणी उघडली होती?' उत्तर लिहिताना स्वतःचं नाव विसरू नका.