पाळकबाईंस, मामाकडून

नगर,
रविवार दुपार.

चि. छकुलीस,


मंडळी तुला ‘पाळकबाई’ म्हणते आणि मी अजून छकुलीच म्हणतो, एवढं चालवून घे. पत्र मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकून मोकळी झाली असतीस तरी मी रागावलो नसतो. पण तू पानंच्या पानं लिहिलीस, तेव्हा मलाही बैठक मारून लिहिणं आलं. अक्षर हलतंय ते वयामुळं. मजकूर हलला तर मात्र सांग.

हिशेबाच्या भानगडीबद्दल फार लिहीत नाही. पावती फाडल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही, आणि पाळकानं तर पावती फाडूनही लावायचा नाही. खजिनदार आहे ना, तो बघेल.

आता शालींचं. पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना एका रविवारी पुढं बसवून शाल-श्रीफळ द्यायचं तुमच्या कमिटीनं ठरवलंय. करा. म्हातारी माणसं खूश होतात, मुलं पुण्या-मुंबईहून येतात, फोटो निघतात. माझ्याकडंही अशा शालींची थप्पी आहे. नगरच्या उन्हाळ्यात तिचं काय करायचं हा प्रश्न वेगळा. पण ज्या मंडळीनं मला शाल दिली, तिथल्या कुणी त्यानंतर माझ्याकडं काही मागितलं नाही. आधी कुणी ना कुणी दारात असायचं. ‘पाळकसाहेब, पोरगं लग्नाला नाही म्हणतंय, जरा बोला’, ‘भाऊला दवाखान्यात टाकलंय, चला.’ शाल अंगावर पडली आणि लोक म्हणू लागले, ‘त्यांना कशाला त्रास?’ हे ‘कशाला त्रास’ फार वाईट, बाळ. गुडघ्यांवर गोळी मिळते, यावर मिळत नाही.

बाकी शरीराची तक्रार करत नाही, गंमत सांगतो. कवळी बसवल्यापासून ‘ख्रिस्त’ म्हणताना शीळ वाजते. सगळ्या नावांत नेमकं हेच नाव! कानातलं यंत्र पेटीचा वरचा सूर लागला की किंचाळतं, म्हणून गीताच्या वेळी मी ते खिशात ठेवतो आणि प्रवचनाला परत घालतो. कधीकधी घालायचं विसरतो. कधीकधी मुद्दाम विसरतो. जन्मभर वेदीपाशी उभा राहिलेला माणूस बाकावर बसला की डोक्यात लाल शाई घेऊनच बसतो: इथं थांबायला हवं होतं, हा दाखला इथं नको होता, आता आमेन म्हण की बाबा. सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा. आताशा शाई वाळत चालली आहे. परवा एका तरुण पाळकाचं प्रवचन मी अख्खं ऐकलं आणि घरी येईपर्यंत त्यातली चूक आठवली नाही.

घराचं तर तुला ठाऊकच आहे. आपण पाळक लोक आयुष्यभर चर्चच्या आवारातल्या घरात राहतो, दुसऱ्यानं लावलेल्या चिंचेखाली बसतो, आणि निवृत्त झालो की किल्ली देऊन निघतो. शेवटच्या मंडळीच्या गावात राहू नये हा आपल्याकडचा जुना संकेत आहे आणि तो बरोबर आहे. राहिलं की लोक नव्या पाळकाची गाऱ्हाणी जुन्याकडं आणणार, आणि जुन्याला ती गोड लागणार. म्हणून मी इथं आहे, जिथं एकाही पोराचा बाप्तिस्मा माझ्या हातचा नाही. या बाबतीत तुझी मामी माझ्यापेक्षा सुखी. नगरला आल्यावर महिनाभरात महिला मंडळाच्या बायका तिला बारशाला, बाळंतिणीला, मयताला बोलावू लागल्या. तिला कुणी निवृत्त करू शकलं नाही, कारण पाळकीणबाई म्हणून तिला कधी कुणी नेमलंच नव्हतं. पगारही नव्हता, हे जाता जाता.

यावरून तू असं समजू नकोस की म्हाताऱ्यांचं सगळं ऐकायचं. तुझ्या पत्रातले ते कमिटीवरचे काका मी न बघताही ओळखतो. प्रत्येक मंडळीत एक असतात. सेक्रेटरीपद, कपाटाच्या किल्ल्या आणि पेटीवरचं फडकंसुद्धा त्यांच्याच ताब्यात. त्यांना रीतसर निवडणुकीनं उठव. प्रार्थनेत टोमणे मारून उठवू नकोस, ‘देवाची इच्छा’ वगैरेही मध्ये आणू नकोस. पण खुर्ची काढून घेशील त्याच आठवड्यात त्यांना काम दे. म्हाताऱ्याचं अडतं ते खुर्चीवाचून नव्हे. रोज सकाळी उठून जायला ठिकाण नसतं, तिथं अडतं. ते कळत नाही म्हणून तो खुर्चीला चिकटतो.

कुठलं काम, विचारशील. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन द्यायला जातेस ना? त्यांना सोबत ने. पिशवी त्यांच्या हातात असू दे. खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल त्यांनी अंथरावा, इवलेसे पेले त्यांनी मांडावेत, थरथरणाऱ्या हनुवटीखाली हात त्यांनी धरावा. तू तिशीची. खाटेवरची आजी तुझ्याकडं बघून देवाचं बोलेल, कारण पाळकबाईंशी तेच बोलायचं असतं. काकांकडं बघून ती विहिरीचं, भावकीचं, मेलेल्या म्हशीचं बोलेल, आणि मधेच, विहिरीच्या वाटणीवरून, गेली चाळीस वर्षं न बोललेल्या दिराला निरोप द्यायचाय असं म्हणेल. तो निरोप तुला मिळाला नसता. मला तरी तुझ्या वयात कुठं मिळायचा? अशा वेळी तू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बस.

आपल्याकडं वारसा म्हटला की रेव्हरंड टिळकांचं नाव आधी येतं, आणि यावं. १८९५ साली बाप्तिस्मा, मग नगर, राहुरी, ‘ज्ञानोदया’चं संपादन, आणि पन्नाशी उलटल्यावर, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’. पण मला हल्ली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईच जास्त आठवतात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. पुढचं जवळजवळ सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनं. त्यांच्या आत्मचरित्राचा, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या गेल्याही. टिळकांच्या विधवेला सभासंमेलनांत पुढं बसवायला लोक एका पायावर तयार असतीलच. पण त्यांच्यापुढं अर्धी राहिलेली पोथी होती. तुझ्या मंडळीत कुणापुढं अशी अर्धी पोथी टाकता येईल, तेवढं बघ.

गिटारचं आता. तरुण संघाला गिटार आणि हिंदी गाणी हवीत, म्हाताऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हवं, आणि दोन्हीकडचे तुला येऊन सांगतात की पलीकडच्यांना आत्मा नाही. म्हाताऱ्यांना एवढंच विचार, ‘जुनी रीत’ म्हणजे कधीपासूनची? त्या एकाच पुस्तकात विलायती चालींवरची गीतं आहेत, कृष्णराव सांगळ्यांची पदं आहेत आणि टिळकांची भजनं आहेत. यातला प्रत्येक थर कधीतरी नवाच होता. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा तुझे आजोबा धुसफुसत घरी आले होते: ‘आपल्याला बिशप कशाला?’ अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेली माणसं ती, मंडळीचा कारभार मंडळीनं बघायचा हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आज त्याच घरांतले लोक बिशप येणार म्हटलं की कमान उभारतात आणि सांगतात, ‘पूर्वापार रीत आहे आपली.’

पण तरुणांनाही सोडू नकोस. तुमच्या बाकांवरच्या प्रतींत नुसते शब्द आहेत. चाल माणसाकडून घ्यावी लागते, आणि ती येणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत. गिटार वाजवणाऱ्या पोराला महिन्यातून एकदा अशा एका आजीकडं पाठव, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायला. आजीचा सूर कुठं लागतो ते त्यानं गिटारवर शोधायचं. पोरगं आधी हसेल. मग त्याच्या ध्यानात येईल की आजी ज्या जागा घेते त्या त्याच्या बोटांना सापडत नाहीत.

कापणीच्या सणाचा लिलाव तुमच्याकडं अजून होतो, हे वाचून बरं वाटलं. आमच्या जुन्या गावी लिलाव पुकारायला एक म्हातारे होते, निवृत्त पोस्टमन. चर्चपुढच्या लिंबाखाली टेबल, टेबलावर भोपळे, मेथीच्या जुड्या, ज्वारीची पायली, अंड्यांची टोपली, खाली पाय बांधलेल्या कोंबड्या. हे गृहस्थ कोंबडी उचलायचे ती तिच्या घराण्याचा इतिहास सांगत: हिची आजी अमक्यांच्या लग्नात कापली, हिची आई तमक्यांच्या कुत्र्याशी भांडली. गावात कोण कुणाशी बोलत नाही हे पोस्टमनला माहीत असायचंच; नेमके ते दोघे एकमेकांवर चढ लावतील अशी कोंबडी ते शोधून काढायचे. एक वार, दोन वार, आणि तिसऱ्या वाराला एवढा वेळ लावायचे की माणूस भरीला पडून आणखी पन्नास वाढवायचा. एकदा एक लिंबू पाच वेळा विकलं. घेणारा पैसे भरायचा आणि लिंबू परत टेबलावर ठेवायचा. पुढं कमिटीनं माइक आणला आणि आवाज चांगला म्हणून एका तरुणाकडं काम दिलं. पैसे कमी जमले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण लिलाव अर्ध्या तासात उरकला आणि लोक जेवायला मोकळे झाले. सण लवकर संपावा म्हणून असतो काय?

राहिली स्मरणिका. वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची म्हणतेस आणि ‘आपला वारसा’ असा लेख मला मागतेस. लिहीन. पण त्यात काय येईल हे तुमच्या कमिटीला आधीच पाठ आहे: १८१३ साली अमेरिकन मिशनरी हॉल आणि नॉट मुंबईत उतरले, १८३१ साली नगरचं ठाणं उघडलं, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघालं, नगरची फॅरारबाईंची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि सावित्रीबाई तिथं शिकल्या. सगळं खरं, सगळ्याचा अभिमान धरावा असं. फक्त या यादीत तुझ्या मंडळीतला एकही माणूस नाही. संगमरवरी पाट्यांवर साहेबांची आणि मॅडमसाहेबांची नावं आहेत. पायी गावोगाव हिंडलेल्या बायबलबायांची पाटी मी तरी कुठं पाहिली नाही. महारवाड्यात एका खोलीची शाळा चालवणाऱ्या मास्तरांचीही नाही, आणि त्यांतले एक तुझे आजोबा.

ती माणसं बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहेत. तुमच्याकडचं जुनं रजिस्टर मी पूर्वी एकदा चाळलं होतं. पाळक बदलला की अक्षर बदलतं, शाई बदलते. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ सरल्यावर पानं भराभर भरत जातात; अख्खी भावकी एका दिवशी, एकाखाली एक. आडनाव कुणालाच नाही. नाव, बापाचं नाव, गाव, बस. ‘धान्यासाठी बाटले’ असं आपल्याला ऐकवतात आणि मग आपली माणसं स्मरणिकेत ती पानं टाळून थेट टिळकांवर उडी मारतात. टाळू नकोस. भुकेनं दारात आला असेल माणूस. पण दुष्काळ सरल्यावरही कितीजण थांबले, पोरं शाळेत घातली, गावकीचा जाच सोसला, हे त्याच रजिस्टरात पुढच्या पिढीच्या नावांवरून दिसतं. आणि ती नावं ओळखणारी माणसं तुझ्या शालींच्या यादीत आहेत. अमक्याचा नातू तमका, हे घर कुठल्या वाडीतून उठलं, कोण गिरणीत गेलं, कोण परत देवळात गेलं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सत्कारासाठी पुढं बसवण्यापेक्षा गुरुवारी दुपारी रजिस्टराभोवती बसव. चहा ठेव. एखाद्या कॉलेजातल्या मुलीला वही देऊन लिहायला लाव. भांडणं होतील. एकाच पणजोबावर दोन घरं हक्क सांगतील. काही गोष्टी अशा निघतील की छापता यायच्या नाहीत. त्या वहीत राहू देत, छापू नका.

रजिस्टर कपाटाच्या खालच्या कप्प्यात असेल तर आधी वर काढ. खाली ओल येते आणि वाळवी. कडुलिंबाचा वाळला पाला घाल, प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नकोस, कागदाला घाम येतो. आणि किल्ली त्या काकांकडून मागून घेशील तेव्हा ‘गुरुवारी तुम्हीच उघडायला या’ असं सांगूनच घे.

स्मरणिकेच्या लेखासाठी मला त्या वहीच्या झेरॉक्स लागतील, त्याशिवाय लिहायला बसणार नाही. अध्यक्षीय मनोगत, शुभेच्छा, दोन शब्द यांपैकी काही मागू नकोस. एखाद्या गुरुवारी यायला जमेल. दहाच्या एसटीनं निघालो तर दुपारपर्यंत पोचतो, फाट्यावर कुणाला तरी गाडी घेऊन पाठव. जावईबापूंना जय ख्रिस्त. मामी म्हणते, कमिटीत आवाज चढवायचा नाही, चढवायचाच असेल तर उभं राहून चढवायचा.

काकांचं काय झालं ते कळव. फोन केलास तरी चालेल, पण दुपारी दोन ते चार नको.

तुझा,
मामा