‘आमच्याकडे तर चालतंय!’

गेल्या वर्षीचं एक बिल मी अजून फाडलेलं नाही. ‘विंडोज लोडिंग, अँटिव्हायरस, एसएमपीएस नवीन, पेस्ट, सर्व्हिसिंग’ असं त्यावर ओळीने लिहिलंय आणि खाली शिक्का मारलाय. यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं. पैशांचं जाऊ दे म्हणतात सगळे. मी जाऊ देत नाही, पण त्याहून जास्त लागलं ते बिलाबरोबर ऐकवलेलं एक वाक्य. दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता, माझ्या नवऱ्याशी बोलत होता. “साहेब, मशीन एकदम ओके आहे. मॅडम एका वेळी फार गोष्टी उघडून ठेवतात, तेवढं जरा सांगा त्यांना.” साहेब बँकेत असतात. घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्डसुद्धा त्यांना माहीत नाही.

मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, एखादं पुस्तक आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. सासऱ्यांचा ट्रेडलचा छापखाना होता, तो मिटला आणि त्या खोलीत कॉम्प्युटर आला, एवढीच त्यामागची कथा. आताच्या मशीनमध्ये 8 जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे 16 जीबी रॅम. तीन वर्षं कसलीही तक्रार नव्हती. मग एका दुपारी ते हँग झालं.

हँग म्हणजे स्लो नव्हे. हा फरक मी कितीदा सांगितला असेल! स्लो झालेलं मशीन निदान धापा टाकत का होईना, पुढे जातं. हे जागच्या जागी थिजायचं. माऊसचा बाण जिथे असेल तिथेच, कोपऱ्यातलं घड्याळ त्याच मिनिटावर, कॅप्स लॉक दाबलं तरी कीबोर्डवरचा दिवा लागायचा नाही. गाणं चालू असेल तर त्याचा एकच तुकडा अडकून टर्रर्र आवाज यायचा. बटण दाबून धरून बंद करण्यावाचून इलाज नाही. परत चालू केलं की कधी दहा मिनिटांत तेच, कधी दोन दिवस काही नाही. मी वहीच्या मागच्या पानावर नोंदी ठेवायला लागले आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: पत्रिका करताना हे कधीच होत नाही. इनडिझाइनमध्ये फोटोंनी भरलेलं पुस्तक, शेजारी फोटोशॉप आणि कोरलड्रॉ असं सगळं उघडलं की होतं.

ही वही मी दुकानदारापुढे ठेवली. त्याने ती बंद केली आणि म्हणाला, “व्हायरस आहे.”

मग फॉरमॅट. ज्यांनी कधी मराठी डीटीपी केलेलं नाही त्यांना या शब्दातली धास्ती कळायची नाही. सगळे फाँट पुन्हा चढवा, त्यात जुन्या गिऱ्हाइकांचे जुने फाँट वेगळे. त्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल ओळखायला लावा. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड पुन्हा बसवा. वर्षानुवर्षं जमवलेला शब्दसंग्रह, स्टाइलशीट, शॉर्टकट, सगळं पुन्हा. फॉरमॅटनंतर मशीन हँग झालं तेव्हा दोष लाईटचा निघाला. “आपल्याकडे व्होल्टेज कसं आहे बघताय ना”, म्हणून एसएमपीएस बदलला. मग उष्णतेचा. कॅबिनेट उघडून धूळ झाडली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. मग पुन्हा फॉरमॅट. या वेळी विंडोज चढतानाच मध्येच ‘फाईल खराब आहे’ म्हणून अडलं, तर खापर त्याच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर फुटलं. दुसरा पेन ड्राइव्ह लावल्यावर चढलं. आता मागे वळून बघताना वाटतं, मशीन त्या क्षणी ओरडून सांगत होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटी मशीन दुकानात ठेवून घेतलं. दोन दिवसांनी विचारायला गेले तर टेबलावर माझं मशीन चालू, त्यावर जुन्या हिंदी गाण्यांचा व्हिडिओ, आणि विजयी मुद्रेने उत्तर, “आमच्याकडे तर चालतंय!” मी म्हटलं, माझी पुस्तकाची फाईल उघडून बघा. तो म्हणाला, उघडतो की. क्लिक केलं, उघडेना. कशी उघडेल? इनडिझाइन फॉरमॅटमध्ये उडालेलं. म्हणजे ज्या कामात मशीन बंद पडतं ते काम करायची सोय त्याने स्वतः पुसून टाकलेली आणि मग गाणी लावून मशीन निरोगी असल्याचं प्रमाणपत्र दिलेलं. मी हे बोलूनही दाखवलं. त्यावर दुकानातली पोरं हसली. माझ्या बोलण्याला हसली की त्याला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याच संध्याकाळी साहेबांना फोन गेला आणि वर लिहिलेलं वाक्य ऐकवलं गेलं.

एक मात्र मान्य करायला हवं. त्याने एकदा रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवले होते. हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे आणि तो खोटाही नाही, दातांवर मळ किंवा गंज चढला असेल तर उपयोग होतो. त्यानंतर मशीन तीन-चार दिवस सुरळीत चाललं. बहुधा पट्ट्या परत लावताना खाचांची अदलाबदल झाली असावी. म्हणजे दोष त्याच्या हातात आला होता, शब्दशः चिमटीत होता, आणि तो त्याने पुसून पुन्हा आत बसवला.

सुटका केली ती ज्यांचं पुस्तक अडलं होतं त्या काकांनी. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य एक्सचेंजमध्ये गेलेलं. उशीर झाला म्हणून रागवायला आले होते. मी त्यांना माझ्यासमोरचा ताजा चमत्कार दाखवला. त्यांच्या फोटोंची झिप फाईल उघडताना ‘सीआरसी एरर’ येत होता, म्हणजे आतला मजकूर त्याच्या तपासणी-बेरजेशी जुळत नव्हता. पहिल्यांदा बाराव्या फोटोवर अडलं. पुन्हा उघडली तर तो फोटो नीट, दुसराच खराब. तीच फाईल त्यांच्या लॅपटॉपवर बिनतक्रार उघडली.

काका राग विसरले. “अहो ताई, फाईल खराब असती तर दर वेळी एकाच जागी अडली असती. फाईल चांगली आहे. वाचल्यावर जिथे ठेवली जातेय ती जागा खराब आहे.” मग माझी वही मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. त्या सगळ्या प्रकरणात वही वाचणारा हा पहिला माणूस.

त्यांनीच मेमटेस्ट86+ सांगितलं. फुकट मिळतं, छोट्या पेन ड्राइव्हवर मावतं. मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं. विंडोज चालूच होत नाही, त्यामुळे व्हायरस वगैरे प्रश्नच मिटतो. ते मेमरीच्या प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितं, परत वाचतं आणि लिहिलं तेच आलं का ते ताडून बघतं. रात्री जेवणं झाल्यावर लावलं. पहिली काही मिनिटं सगळं शांत, मग लाल ओळी यायला लागल्या. एकामागून एक पत्ते, जवळजवळचे, आणि प्रत्येक वेळी चुकणारा बिट तोच. मला आनंद झाला, हे कुणाला विचित्र वाटेल. माझं मशीन नादुरुस्त असल्याचा आनंद!

दुसऱ्या दिवशी वायर काढून, कॅबिनेट उघडून एकेक पट्टी वेगळी तपासली. एक पट्टी रात्रभर स्वच्छ. दुसरीवर लाल ओळी. मग तीच दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेचा दोष नाही ना ते कळावं. तिथेही लाल. निकाल लागला.

माझ्या सासऱ्यांकडे खिळ्यांच्या केसा असायच्या. एखाद्या घरात चुकीचे खिळे पडले असतील तर जुळाऱ्याचा हात त्या घरात जाईपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. इथे तसंच झालं होतं, फक्त घरं जास्त. 8 जीबीच्या एका पट्टीत सुमारे 6,872 कोटी बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारी एक अतिसूक्ष्म जागा, आणि तो भार गळत असल्यामुळे साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. त्यातल्या थोड्याशा जागा अशक्त झाल्या की पुरे. पत्रिकेची फाईल तिथवर पोचतच नाही. मोठं पुस्तक उघडलं, मेमरी भरत गेली की मशीन त्या जागांवर पाय ठेवतं. शिवाय दर वेळी तिथे काय ठेवलं जाईल हे वेगळं. फोटोचा ठिपका आला तर कुणाला कळणारही नाही. विंडोजचा स्वतःचा एखादा महत्त्वाचा आकडा आला तर सगळंच थिजतं. म्हणून ते ‘कधीही, कसंही’ वाटत होतं. आणि हो, मॅडम फार गोष्टी उघडून ठेवत होत्या म्हणूनच दोष दिसत होता, पण त्यासाठीच तर 16 जीबीचे पैसे दिले होते.

काकांनी नंतर मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून फार बरं वाटलं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स, त्याच्याही डेस्कटॉपची एक पट्टी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अशीच गेली. अडीच वर्षं उत्तम चाललेली. त्यालाही आधी सॉफ्टवेअरचाच संशय आला होता, आणि शेवटी त्यानेही रात्रभर मेमटेस्टच लावलं. गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात वर्षभरात सुमारे आठ टक्के पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक सापडली होती. त्या सर्व्हरांत चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, 64 बिटांमागे 8 बिट राखणीला. आपल्या घरच्या मशीनला अशी राखण सहसा नसते. ती का नसावी, यावर टोरवाल्ड्स प्रोसेसरवाल्यांवर जाहीरपणे चिडलेला आहे आणि या बाबतीत मी त्याच्या बाजूची आहे.

पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, बिल जपून ठेवलं होतं एवढंच.

खरा त्रास पुढेच सुरू झाला. पट्टी खराब होती त्या काळात मी निष्ठेने बॅकअप घेत होते. पण बॅकअपही त्याच मेमरीतून जातो! चांगली फाईल आत घ्यायची, मध्ये एक बिट उलटायचा आणि बिघडलेली प्रत बाहेरच्या डिस्कवर ‘सुरक्षित’ ठेवायची, असं किती वेळा झालं असेल? युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक 0915 आणि ‘ग’चा 0917. द्विमान पद्धतीत लिहिले तर दोघांत एका बिटाचा फरक. काकांच्या पुस्तकात एके ठिकाणी ‘काळा’च्या जागी ‘गाळा’ सापडलं. मेमरीने केलं म्हणावं, तर इनस्क्रिप्टमध्ये ‘क’च्या बरोबर वरच्या कळीवर ‘ग’ आहे. बोट घसरलं असेल. प्रूफवाचक म्हणाले, दोघींपैकी कुणी का असेना, दुरुस्त करा. पूर्ण पुस्तक मूळ हस्तलिखिताशी ताडून पुन्हा वाचलं.

दुकानदाराबद्दल मी वर जे लिहिलं ते खोडायची इच्छा नाही. पण त्याच्या जागी बसून बघितलं तर कोडं सुटतं. फॉरमॅटचे पैसे मिळतात, एसएमपीएसवर थोडं सुटतं. मशीन रात्रभर तपासून ‘पट्टी खराब आहे, वॉरंटीत बदलून आणा’ असं सांगितलं, तर त्याला कोण काय देणार? आम्हीच म्हणणार, “नुसतं बघायचे पैसे?” डॉक्टरला तपासणीची फी निमूट देणारे आपण मेकॅनिकला नुसत्या निदानाचे पैसे देत नाही, मग तो उपचारच विकतो. हे सगळं मला पटतं. तरी वही न वाचण्याला यातलं कुठलंच कारण पुरत नाही, कारण वही वाचायला दोन मिनिटं लागली असती. आणि फोन साहेबांना करण्याला तर नाहीच नाही. पुढच्या महिन्यात प्रिंटर बिघडला तेव्हा मी त्याच्याचकडे गेले, जवळ दुसरं दुकान नाही म्हणून. प्रिंटर त्याने छान दुरुस्त केला, पैसेही रास्त घेतले.

तेव्हा मशीन अधूनमधून थिजत असेल, झिप उघडताना चुका येत असतील, विंडोज चढतानाच अडत असेल, तर फॉरमॅट मारू देण्याआधी एक रात्र मेमटेस्ट लावा. विंडोजमध्येही मेमरी तपासायची सोय आहे, पण तिचा नेहमीचा फेरा लहान असतो. त्यात काही निघालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. लाल ओळ एक जरी आली तरी ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका, पट्ट्या एकेक करून तपासा, आणि तोवर त्या मशीनवर नवा बॅकअप घेऊन जुना पुसू नका. दुरुस्तीवाल्यांना विनंती एवढीच की रात्रभराच्या तपासणीचा दर पाटीवर लिहा. मी देईन.