उणे करण्याचा शिरस्ता

रेडिओच्या प्रयोगशाळेत दाखल झालेला नवखा अभियंता प्रथम अॅम्प्लिफायरकडे धावतो, कारण क्षीण संकेताला बळ देण्यात जो पराक्रम दिसतो तो बलवान संकेताला क्षीण करण्यात दिसत नाही. परंतु रिसीव्हरची परीक्षा घेणे हाच ज्यांचा पेशा, त्या आम्हां मंडळींचे आयुष्य बहुतांशी संकेत उणा करण्यातच जाते, आणि नेमके उणे करणे ही विद्या, माझ्या मते, वाढवण्याहून कठीण आहे.

संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यांत्रिक अटेन्युएटरच्या, म्हणजे संकेत उणा करणाऱ्या उपकरणाच्या, एका प्रचलित नमुन्याच्या पोटात १०, २०, ४० आणि पुन्हा ४० डेसिबेलचे चार खंड असतात. संकेताने रोधकांतून जावे की सरळ वाटेने, याचा निवाडा प्रत्येक खंडापाशी एक लहानसा विद्युत्चुंबक करतो, आणि हुकूम पोचताच सुमारे २० मिलिसेकंदांत टक् असा आवाज होऊन त्याची तामिली होते. चारही खंड लावले की ११० डेसिबेल, म्हणजे शंभर अब्जांतला एकच अंश पुढे रवाना होतो.

खरी गोम मात्र बदलाच्या क्षणी आहे. ३० वरून ४० वर जायचे म्हणजे १० आणि २० चे खंड काढून ४० चा घालायचा. आता काढण्याचे काम आधी उरकले आणि घालण्याचे मागे राहिले, तर त्या निमिषमात्रात मध्ये काहीच अडसर उरत नाही आणि पूर्वीच्या सहस्रपट शक्ती बेसावध रिसीव्हरवर कोसळते. म्हणून पहारा बदलताना नवा शिपाई हजर झाल्याखेरीज जुन्याला रजा देऊ नये, तसे आधी ४० घालून मगच ३० काढावे. क्षणभर ७० डेसिबेल होतात खरे, पण त्या शांततेने सहसा कोणाचे बिघडत नाही. कोणाही सहकाऱ्याने चाचणीचा नवा प्रोग्राम पुढे ठेवला की मी त्यातला हा क्रमच प्रथम वाचतो, आणि त्याबद्दल माझी थोडीफार थट्टाही होते.

सहसा म्हटले, कारण मोबाइलचा चालू दुवा तपासताना तीही शांतता महागात पडते. तेथे पिन डायोडचे अटेन्युएटर उपयोगी पडतात: ते मायक्रोसेकंदांत बदलतात आणि त्यांत झिजायला काही हलतच नाही; परंतु फार खालच्या कंप्रतेला त्यांचे गणित बिघडते, आणि बलवान संकेतांच्या जोडीला ते स्वतःची अनाहूत संतती जन्माला घालतात. त्यामुळे संकेताच्या शुद्धतेचा प्रश्न असेल तेथे मी आजही त्या टक् आवाजालाच कौल देतो.

हा व्यवहार केवळ परीक्षागृहापुरता नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना दूरच्या आकाशगंगांची कुजबुज टिपण्यासाठी उभारलेले. तेच सूर्याकडे वळवायचे तर वाटेत १४, ३० अथवा दोन्ही मिळून ४४ डेसिबेलचे क्षीणन घालण्याची तजवीज तेथे केलेली आहे.

आणखी एक तपशील, जो सहसा दप्तरी नोंदला जात नाही. आकड्याच्या जागी शून्य लावले तरी संकेत अक्षत राहत नाही; सरळ वाटही थोडा कर घेतेच, आणि कंप्रता चढेल तसा तो वाढतो. म्हणून निरनिराळ्या कंप्रतांवर शून्याचे मोजमाप घेऊन तो तक्ता चाचणीच्या कागदांना जोडल्याखेरीज मी त्यांवर सही करीत नाही.