गिलावा, गुत्तेदार आणि मोसंबीचं पाणी

आज पिकाचं नाही, भिंतीचं लिहितोय.

पैठण तालुक्यात शेतातच घर बांधलं. वीटकाम झालं आणि एप्रिलात गिलाव्याला हात घातला. घाई एवढ्यासाठी की मे महिन्यात घरात लग्न. गुत्तेदाराशी बोलणं बांधावर उभ्या-उभ्याच झालं. मालासकट फुटाचा दर ठरला, निम्मी उचल दिली, चहा झाला. खताच्या गोणीचं पक्कं बिल मागणारा मी, इथं साधी चिठ्ठीसुद्धा केली नाही.

दर ठरला म्हणजे सगळं ठरलं असं वाटलं. पण माल किती ला किती, हे बोललोच नव्हतो. साधारण बाहेरून एकास चार आणि आतून एकास सहा चालतं. जाडी आत 12 मिमी, बाहेर दोन थरांत मिळून 20. आमच्याकडं सकाळी एकदाच मोठा ढीग कालवायचे, जेवणानंतर त्याच ढिगात पाणी मारून परत थापायचे. सिमेंटला पाणी लागलं की अर्ध्या-पाऊण तासात ते धरायला लागतं. पुढं पाणी घालून मऊ केलेला माल ओला दिसतो, पण त्यातला जीव गेलेला असतो. कालचं उरलेलं फवारणीचं द्रावण आपण आज मारत नाही, तसंच हे.

वाळूचंही तेच. मातीचा पोत बघायला आपण बरणीत माती हलवून ठेवतो ना, तीच बरणी इथं चालते. वाळू, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवायचं आणि दोन-तीन तास ठेवायचं. वर बसलेला गाळ आठ टक्क्यांच्या पुढं गेला तर ट्रॅक्टर परत पाठवायचा. दरवर्षी मातीचा नमुना देणारा मी, वाळूला मात्र हे केलं नाही.

आणि खरा घोळ पाण्यात झाला. गुत्तेदार समजला पाणी मालक मारणार, मी समजलो त्याची माणसं मारतील. विहिरीला जेमतेम दोन तासांचं पाणी. आंबे बहाराची मोसंबी लिंबाएवढी झालेली, ताण बसला की फळगळ ठरलेली. मी मोटर बागेकडं वळवली. आजही विचारलं तर बागेकडंच वळवीन, पण मग त्या महिन्यात गिलावा काढायलाच नको होता. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस ओल लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पश्चिमेची भिंत तिसऱ्या दिवशी कोरडी पडली. पंधरवड्यात भेगांचं जाळं उमटलं. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर कोंबडीजाळी मारली नव्हती, तिथं तर सरळ रेघच उभी फुटली.

लग्नात ती बाजू मांडवाच्या कापडानं झाकली.

नंतर गंगापूरकडचे एक जुने गवंडी चाचा येऊन गेले. टरबूज वाजवून बघतो तशी थापीच्या दांड्यानं भिंत वाजवत फिरले. "भाऊ, हे पोकळ बोलतंय." मग म्हणाले, "मकबरा बघितला ना? तो काय सगळा संगमरवर नाही." खरंच आहे. बीबी का मकबऱ्याला संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. बाकी बरंच काम काळ्या दगडावर घोटलेल्या गिलाव्याचं, 1660 च्या सुमाराचं. पण चुना हवेवर सावकाश धरतो, सिमेंटला मात्र पाणीच लागतं. चाचांनी हे दोन वाक्यांत सांगितलं, मला एक भिंत घालवून कळलं.

आता पश्चिमेची भिंत टाचून परत करायची आहे, दिवाळीनंतर. थंडी असते, विहीर भरलेली असते, कपाशीच्या पहिल्या वेचणीचे पैसेही हातात येतात. गुत्तेदार तोच ठेवलाय. चूक दोघांची होती आणि त्यानं मजुरी अर्धी सोडली. या वेळी चिठ्ठी केली. मालाचं प्रमाण, जाडी, दारं-खिडक्यांचं माप कसं वजा धरायचं, भिंत आदल्या दिवशी भिजवायची, लाईट-नळाच्या झिऱ्या गिलाव्याआधी. सिमेंट तीन महिन्यांच्या आतलं; गोणीवर आठवडा छापलेला असतो, तो त्याच्यासमोर वाचायचा. उचल आठवड्याच्या कामाएवढीच. पाणी मी मारणार, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. दहावा हिस्सा पंधराव्या दिवशी, भिंत वाजवून झाल्यावर.

चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "भाऊ, खताचा डोसपण लिहा की." सही केली.