गप्प झालेली झडप

धर्मगुरूने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आयुष्यातील एका मोठ्या चुकीची जाणीव मला झाली ती एका गॅरेजमध्ये, तेलाने माखलेल्या मेजापाशी. म्हणून त्या इंजिनाची हकिगत सांगितल्यावाचून माझी हकिगत सांगता येणार नाही.

गोष्ट २००१ सालच्या उन्हाळ्याची. मी तेव्हा रोममध्ये शिकत होतो. तिथे शिकणाऱ्या परदेशी धर्मगुरूंपैकी अनेकजण सुटीच्या महिन्यांत इटलीतील एखाद्या धर्मग्रामात बदलीवर जातात. मला मोदेना प्रांतातील एक लहानसे गाव मिळाले. टेकडीवर चर्च, खाली द्राक्षांचे मळे आणि धर्मगुरुनिवासाच्या भिंतीला लागून एका वृद्ध मेकॅनिकचे गॅरेज. तिथून मारानेल्लो अगदी जवळ. १९४७ साली पहिली फेरारी मोटार ज्या कारखान्यातून बाहेर पडली तो कारखाना तिथलाच. त्या मुलखात मोटारीविषयी लोक अशा आदराने बोलतात की नवख्या माणसाला क्षणभर वाटावे, चर्चा एखाद्या संताचीच चालली आहे.

ऑगस्टच्या आरंभी त्या गॅरेजमध्ये लाल रंगाची एक जुनी फेरारी ३०८ जीटीबी आली. १९७५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेले हे मॉडेल. ३०८ म्हणजे तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. ते चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले असते. गाडी जवळच्या शहरातील एका दंतवैद्याची होती. दहा वर्षांत ती जेमतेम चार हजार किलोमीटर धावली होती. उरलेला सारा काळ ती चादरीखाली झाकून उभी होती.

"गाडी उत्तम चालते. कसलाही आवाज नाही," दंतवैद्य म्हणाले. वृद्धाने मान हलविली. ते गेल्यावर मला म्हणाला, "डॉन, आवाज नाही, हीच तर मला काळजी आहे." इटलीत धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात.

संध्याकाळच्या मिस्सेपूर्वीचा वेळ मी त्याच्या गॅरेजमध्ये काढू लागलो. त्याने मागचे चाक उतरविले, आतला पत्रा काढला आणि टायमिंग बेल्टवरची झाकणे बाजूला केली. या इंजिनाला असे दोन पट्टे असतात; चार-चार सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेसाठी एक. पट्टा रबराचा, आत बळकट धाग्यांची वीण आणि एका बाजूला दाते. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की वरचे कॅमशाफ्ट बरोबर एक फेरा फिरले पाहिजेत. ही शिस्त तो पट्टा राखतो. कॅमशाफ्ट झडपा उघडतात, म्हणजे आपले मेकॅनिक ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्या. झडप उघडी असताना पिस्टन तिच्या वाटेत येऊ नये, हे सारे त्या बोटभर रुंदीच्या रबरावर अवलंबून. पट्टा तुटला तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात आणि क्षणार्धात इंजिनाची धूळधाण होते.

त्याने जुना पट्टा उलटा वाकवून उजेडात धरला. दातांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. "साखळी झिजली की खडखडते, माणसाला सावध करते," तो म्हणाला. "पट्टा बहुधा काही बोलत नाही. तुटतो तेव्हाच कळते. आणि उभ्या गाडीचे रबर म्हातारे होत नाही, असे थोडेच आहे? किलोमीटर मोजू नये, वर्षे मोजावीत." गाडी धावो वा न धावो, तीन ते पाच वर्षांत पट्टे बदलावे, हा त्याचा नेम. पट्ट्यांबरोबर ते ताणून धरणारी बेअरिंगेही तो बदलीत असे.

नवे पट्टे चढविण्याआधी त्याने झडपा तपासायला घेतल्या. एकूण सोळा झडपा. इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून हे काम तो सकाळी करी. कॅम आणि टॅपेटवरची चकती यांच्या फटीत तो पोलादी पट्टी सरकवून पाही. आपल्याकडेही हे हत्यार सर्वांना ठाऊक आहे. आपले कारागीर त्याला फीलर गेज म्हणतात. हवा आत घेणाऱ्या झडपेला ०.२० ते ०.२५ मिलिमीटर फट, धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेला ०.३० ते ०.३५. धुराची झडप अधिक तापते, अधिक लांबते, म्हणून तिला अधिक मोकळीक द्यायची.

एका एग्झॉस्ट झडपेपाशी तो थांबला. ०.३० ची पट्टी जाईना, ०.२० ची जाईना, ०.१५ ची कशीबशी गेली. "ही बघा, गप्प झालेली," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. झडप आपल्या बैठकीवर वर्षानुवर्षे आपटून थोडी थोडी आत रुतते. तिचा दांडा कॅमच्या दिशेने सरकतो आणि फट बुजत जाते. फट असते तोवर टिक-टिक असा बारीक आवाज येतो. ती बुजली की आवाज थांबतो आणि मालक खूश होतो. परंतु इंजिन तापल्यावर लांबलेल्या दांड्याला जागाच उरत नाही, झडप पुरती मिटत नाही. झडपेचा ताप बैठकीला टेकल्यावरच उतरत असतो. टेकायलाच मिळाले नाही तर तिची कड जळू लागते. "वाजणारी झडप त्रास देते, डॉन, गप्प झालेली जळते."

हे ऐकताना मला आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची आठवण झाली. वसईत सहायक धर्मगुरू असताना ती माझ्या ताब्यात होती. तिचे टॅपेट वाजत, म्हणून मी मेकॅनिकच्या मागे लागून ते आवळून घेतले होते. तो नको म्हणत होता. मीच ऐकले नाही. गाडी छान शांत झाली, आणि काही महिन्यांनी एक झडप जळाली. खर्च धर्मग्रामाला पडला. दोष माझा होता, हे मात्र मला तब्बल काही वर्षांनी, परमुलखात उमगले.

त्या रात्री मला झोप लागेना. पण ती पद्मिनीमुळे नव्हे. मला दादाचे पत्र आठवले.

माझा थोरला भाऊ आमची वाडी सांभाळी. मी रोमला गेल्यावर पहिले वर्षभर त्याची पत्रे तक्रारींनी भरलेली असत. विहिरीचे पाणी मचूळ होत चालले आहे, केळीला भाव नाही, मजूर मिळत नाहीत, आईचे गुडघे धरलेत. अभ्यासाच्या ताणात मला ती पत्रे नकोशी झाली. एकदा मी त्याला लिहिले, "दादा, तुझ्या पत्रात कुरकुरीशिवाय काहीच नसते. देवावर थोडी श्रद्धा ठेव." खाली शुभवर्तमानातील रानफुलांचा दाखलाही जोडला होता. त्यानंतर त्याची पत्रे आखूड झाली. 'सर्व ठीक. आई बरी आहे. तू अभ्यास कर.' फोनवरही तेच. माझ्या उपदेशाचा गुण आला, असे मी समजलो आणि एवढ्यावर न थांबता एका प्रवचनात ते उदाहरण म्हणून सांगितलेही.

दुसऱ्या दिवशी वृद्धाने ती चकती काढली. टॅपेट खाली दाबून धरण्याचे खास हत्यार असते. त्यामुळे कॅमशाफ्ट न उतरविता चकती बदलता येते. जुनी चकती ४.०० मिलिमीटर जाडीची होती. त्याने ३.८५ ची बसविली. ०.३० ची पट्टी हलकेच सरकली. हात चालू असताना तो ४ जून १९८८ ची आठवण सांगू लागला. त्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे मारानेल्लोला आले होते. फियोरानोच्या धावपट्टीवर ते उघड्या फेरारी मोंडियालमधून फिरले. त्या गाडीचे इंजिनही याच घराण्यातले. गर्दीत हाही उभा होता. एन्झो फेरारी तेव्हा नव्वद वर्षांचे होते आणि आजारी. त्यांना भेटीला येणे जमले नाही. पोपमहोदय त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या आदल्या दिवशी, एन्झो वारले.

"येता आले नाही, तरी बोलणे झाले," वृद्ध म्हणाला आणि पुढच्या झडपेकडे वळला.

मी तडक गावच्या चौकातील फोनपाशी गेलो. दादा म्हणाला, "सर्व ठीक." मी म्हणालो, "दादा, मी चुकलो. मला कुरकुर ऐकायची आहे." पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. कार्डावरचे पैसे उतरत होते. मग तो बोलू लागला. फेब्रुवारीत आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. खर्चासाठी त्याने विहिरीकाठचा तुकडा विकला होता. "तुझी परीक्षा होती," तो म्हणाला, "आणि श्रद्धा कमी पडते म्हणून तुझे पुन्हा पत्र आले असते." कार्ड संपेपर्यंत तो बोलत राहिला. मी दुसरे कार्ड घेतले.

विकलेला तुकडा परत आला नाही. आज तिथे इमारत उभी आहे. आई सावरली, ही देवाची कृपा; पण शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिच्याजवळ नव्हतो, ही रुखरुख आजही जात नाही.

आठवड्याने नवे पट्टे चढले. वृद्धाने खुणा जुळविल्या, टेन्शनरचे नट सैल करून स्प्रिंगला ताण घेऊ दिला आणि मग ते आवळले. हाताने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवून त्याने खुणा पुन्हा पाहिल्या, आणि मगच चावी फिरविली. इंजिन घुमू लागले. आवाजात आता एक बारीक टिक-टिक होती. दंतवैद्य दचकले. "वाजते आहे!" ते म्हणाले. "वाजू द्या," वृद्ध म्हणाला.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. पॅरिश कौन्सिलच्या सभेत जे तावातावाने बोलतात त्यांची मला पूर्वीइतकी धास्ती वाटत नाही. मात्र दर सभेला हिशेबावरून भांडणारा एखादा गृहस्थ अचानक गप्प बसू लागला, की त्याच आठवड्यात मी त्याच्या घरी जातो. क्वचित काही निघत नाही. चहा घेऊन परत येतो. पुष्कळदा निघते.

दादा अजून वाडी सांभाळतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. पाणी, भाव, मजूर, गुडघे. आता गुडघे त्याचे स्वतःचे. मी मध्ये बोलत नाही.