फाईल धरून बसलेला मुलगा

'तरुणांना दीर्घकालीन आजारांची जाणीव आहे का?' यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि मला जूनमधला एक पेशंट आठवला. आमच्या पठार भागातला, 23 वर्षांचा. वडिलांना मधुमेह. सहा वर्षे दर तीन महिन्यांनी तो त्यांना एसटीने संगमनेरला आणायचा आणि फाईल धरून शेजारी बसायचा. गोळ्यांची नावे त्याला पाठ. जूनमध्ये तो एकटा आला. सारखी तहान, रात्री तीनदा उठणे. उपाशीपोटी शुगर 212.

"सर, मला कशी होईल? मी बारीक आहे, चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

टाईप 1 नाही ना, ते तपासले. नव्हता. वडिलांचाच आजार, वडिलांच्या निम्म्या वयात.

'बारीक आहे' या समजुतीशी माझे जुने भांडण आहे. उंची 170 सेंटिमीटर, वजन 64 किलो, म्हणजे बीएमआय 22, तक्त्यात नॉर्मल. पण कंबर 92, आणि आपल्याकडे पुरुषांची मर्यादा 90, स्त्रियांची 80. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की हा फरक जन्मापासूनचा आहे: आपली बाळे वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी राखून असलेली. पोटातल्या अवयवांभोवती चरबी साचली की यकृत आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतत राहते आणि शेवटी थकते. हे वर्षानुवर्षे चालते आणि कुठे दुखत नाही. साखर खाल्ली की शुगर होते, एवढे सोपे असते तर माझे काम फार हलके झाले असते.

तांत्रिक झाले, पण एवढे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. 14 नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला मी महाविद्यालयांत बोलतो. मुलांना लक्षणे माहीत असतात. विड्या वळणाऱ्या संगमनेरात तंबाखूने कॅन्सर होतो हेही पाठ असते. तीच तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करते, हे फार थोड्यांना. घरात कोणाला शुगर, बीपी आहे, विचारले की हात भराभर वर येतात. स्वतःची कोणी तपासली, विचारले की खाली जातात. कारण एकच: 'एकदा गोळी लागली की सुटत नाही.' गोळी आजारामुळे लागते, तपासणीमुळे नाही, हे सांगून मी थकलो आहे. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे भारतीय 13 कोटी 60 लाख निघाले. या टप्प्यावर चालणे, कंबर कमी करणे आणि झोप यांनी आजार लांबवता येतो, अनेकदा टाळताही येतो. सापडायचे ते इथेच.

आणि तरी तो मुलगा सहा वर्षे माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. वडिलांना मधुमेह, कंबर सुटत चाललेली. मला सगळे दिसत होते. मी फाईलवरच्या नावाची तपासणी केली आणि फाईल धरणाऱ्याला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. जाणीव कोणाला कमी होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुढे आहे.

परवा एका आईबरोबर 19 वर्षांची लेक आली. तिने आईचा रिपोर्ट पुढे केला.

"तुझी कधी केलीस?" मी विचारले.

"माझी?"

मी टेप काढली आणि तिच्या नावाचा केसपेपर करायला सांगितला.