नवं कपाट

प्लायवुडचं नवं कपाट घरात आलं आणि अम्मींचा दमा बळावला. प्लायचे थर जोडणाऱ्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो, म्हणून आम्ही हातात मावणारं मापक यंत्र मागून आणलं. आकडा भलताच चढला! मग आठवलं, हाताला नुकतंच सॅनिटायझर लावलं होतं. अल्कोहोलच्या वाफेनंही यंत्र फसतं. (लोबानाच्या धुरात तर हा वायू असतोच.)

दुसऱ्या रात्री अम्मींना बैठकीत निजवलं, खोली बंद ठेवली. फजरनंतर यंत्र आधी गच्चीवरच्या मोकळ्या हवेत स्थिरावू दिलं, मग ते खोलीत ठेवून आम्ही बाहेर थांबलो. अर्ध्या तासानं पाहिलं: घनमीटरला ०.१९ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा ०.१. खिडक्या सताड उघडल्या.

कपाट आता व्हरांड्यात आहे; अम्मींचे कपडे पुन्हा जुन्या पेटीत.